दाराकडं बघायचं

वस्ताद,

तुम्ही गेलात तेव्हा फोन खिशात मावायला लागले होते, पण त्यात माणसं हलताना दिसत नव्हती. आता दिसतात. कुणाला काहीही शिकायचं असलं की फोन काढायचा, दोन शब्द टाकायचे आणि बोट दाबायचं. पुरणपोळी, बेरीज-वजाबाकी, साडीला फॉल लावणं, बिघडलेला नळ, सगळं त्यात आहे. आणि कुंग फू तर इतकं आहे की बघून बघून जीव नकोसा होतो. गेला पावसाळाभर मी त्यात तुमचा मोठा फॉर्म, ती एकामागोमाग एक करायच्या हालचालींची साखळी, शोधत होते. जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसात, क्लास सुटल्यावर तालमीच्या पायरीवर, रविवारी भाजी निवडता निवडता. डोळे चुरचुरायला लागले, चष्म्याचा नंबर वाढला. घरातले म्हणतात, ह्या वयात हे काय घेऊन बसलीस. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण त्यांचं फारसं चुकतंय असं मलाही वाटत नाही.

पण कारण तसंच होतं. माझ्याकडे मलकापूरची एक मुलगी येते. बारावीला आहे, इथं हॉस्टेलवर राहते, वडील टेम्पो चालवतात. तिचे पाय पडतात तेव्हा आवाज होत नाही. तुम्ही असता तर तिला पुढच्या रांगेत उभं केलं असतंत आणि कौतुकाचा एक शब्द बोलला नसतात. गेल्या वर्षी निवड चाचणीत तिनं तुमचा फॉर्म केला. पहिल्या अर्ध्या भागाला पंच सरसावून बसले होते. पुढचा अर्धा सुरू झाला तसे ते एकमेकांकडे बघायला लागले. नंतर त्यांच्यातल्या एकानं मला बाजूला घेऊन अगदी अदबीनं सांगितलं, "मॅडम, सुरुवात पारंपरिक आहे, दक्षिणेकडची वाटते. पण पुढचं काय आहे ते आम्हाला ओळखता येत नाही. पुढच्या वर्षी परंपरेचं नाव आणि एखादा व्हिडिओ दाखवा, म्हणजे झालं." मी मान डोलावली. इतकी वर्षं शिकवतेय, पण त्या माणसाला सांगायला माझ्याकडे एक नावसुद्धा नव्हतं.

मग तिचे वडील क्लासवर आले. चपला बाहेर काढून हॉलच्या कडेला उभे राहिले, आणि सगळी मुलं गेल्यावर म्हणाले, "मॅडम, मला ह्यातलं काय कळत न्हाय. पण पोरगी म्हणती, हे कुठल्याच व्हिडिओत न्हाय. मग हे हाय तरी कशातलं?" मी म्हटलं, आमच्या वस्तादांचं आहे. ते म्हणाले, "ते बरोबर हाय की. पण पंचास्नी तुमचं वस्ताद ठावं न्हाईत." त्यात राग नव्हता. "ह्या वर्षी निवड झाली तर चांगलंच. न्हाय झाली तर बास. मग गप अभ्यास करायचा आन् घरला यायचं." मुलगी शेजारी उभी राहून बॅगेचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, आणि ते मला जास्त लागलं.

तर मी शोधायला लागले. पण शोधायचं कसं, वस्ताद? त्या डब्यात काय लिहायचं? फॉर्मला नाव नाही. हालचालींना नावं आहेत ती तुमची. दार ढकलणं, घागर उतरवणं, कातडं झटकणं, म्हशीला वळवणं. मी एकदा खरोखरच 'म्हशीला वळवणं' असं टाकलं, तर दुधाचे गोठे आले. इंग्रजीत टाकलं तर अमेरिकेतली गोरी मुलं आपल्या गॅरेजमध्ये लाल कपडे घालून आली. कुणी सुरुवातीलाच इतकं बोलतं की हात हलायच्या आधी माझी सुट्टी संपते. कुणी ढोल वाजवतं. कुणी पाय दाखवायच्या वेळेला तोंड दाखवतं. एक जण तर नदीकाठी फॉर्म करतो आणि ऐन वळणावर कॅमेरा उडत्या बगळ्याकडे जातो. समोरून काढलेला व्हिडिओ असला की डावं उजवं उलटं होतं, मग मी ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या हात फिरवून बघते, आणि शिपाई चहा ठेवता ठेवता मागं सरतो. असे किती बघितले त्याला गणती नाही. त्यातल्या एकातही तुमचं 'कातडं झटकणं' नव्हतं.

नावावरून तुम्ही मला झापलं होतंत, आठवतं? मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. भावाबरोबर आले होते. तो महिन्याभरात पळाला आणि मी राहिले. मंगळवार पेठेतलं ते कातड्याचं गोदाम, जिथं तुम्ही दिवसभर माल उलगडायचात, पारखायचात, रचायचात आणि संध्याकाळी सगळा माल भिंतीला लावून मधली फरशी आम्हाला मोकळी करून द्यायचात. त्या वासाची मला इतकी सवय झाली होती की घरी आई मला अंगणातच उभी करायची. त्या दिवशी तुम्ही मोठा फॉर्म पहिल्यांदा पूर्ण दाखवला होता. मी विचारलं, वस्ताद, ह्याचं नाव काय? एवढं साधं विचारलं. तुम्ही गर्रकन वळलात. "नाव घेऊन काय करायचंय? नावानं हात हलतोय व्हय? जा, घागर उतरीव जा, पाय दुखस्तोवर." आणि खरंच पाय दुखेपर्यंत उतरवायला लावलीत. मी घरी येऊन रडले. नाव विचारण्यात काय चुकलं ते मला कळलं नव्हतं, आणि पुढंही कितीतरी वर्षं कळलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तुम्ही मला ती पायताणं दिलीत. गोदामाच्या फरशीनं माझ्या टाचा फुटल्या होत्या, रक्ताचे ठिपके उठायचे, आणि मी ते पायानंच पुसून टाकायची. एके संध्याकाळी कोपऱ्यातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढं टाकलंत. शेळीच्या मऊ कातड्याची, बोटं झाकणारी, बिनटाचेची. बाजारात तसली वस्तू नव्हती, तुम्हीच शिवली होती. "माप कधी घेतलं?" मी विचारलं. तुम्ही फरशीकडं बोट दाखवलंत, माझ्याच पायाच्या ठशाकडं, आणि दुसऱ्या मुलांवर ओरडायला निघून गेलात. ती अजून आहेत. पाय आता त्यात जात नाही, सूज असते. पण दर दिवाळीला तेल लावते.

आणि तो थांबा. मोठ्या फॉर्ममध्ये, साधारण मध्यावर, उजवा हात पुढं, तळवा उघडा, डावा कमरेशी. तिथं तुम्ही थांबायचात. "हितं थांबायचं. दाराकडं बघायचं. मग म्होरं." गोदामाचं दार उजव्या हाताला होतं, म्हणून आम्ही उजवीकडं बघायचो. पुढं तालमीच्या हॉलमध्ये दार मागं आलं, तर तुम्ही आम्हाला मान मागं वळवायला लावलीत. जिथं दार असेल तिकडं. एकदा आपण पन्हाळ्याला गेलो होतो, कुठल्याशा कार्यक्रमात खेळ दाखवायला. उघडं मैदान, वारा असा की उभं राहवत नव्हतं. मी रांगेत उभी राहून हळूच म्हटलं, वस्ताद, हितं दार न्हाय. तुम्ही जरा वेळ विचार केलात. कधी नव्हे तो आवाज खाली आणलात. "मग वाटंकडं बघ. माणूस यायचा तर वाटंनंच येणार की." आम्ही सगळ्यांनी खाली कोल्हापूरकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघितलं. पुढं मीही माझ्या मुलांना तेच शिकवलं. का थांबायचं असं त्यांनी विचारलं की मी सांगायची, शत्रू कुठून येतो ते बघायला. हे उत्तर मी स्वतःच तयार केलं होतं आणि मला ते पटलंही होतं.

व्हिडिओ सापडला तो त्या मुलीमुळे. मी हॉलच्या पायरीवर गुडघा चोळत बसले होते, फोन मांडीवर, आणि ती म्हणाली, "मॅडम, फॉर्मचं नाव न्हाय तर ऱ्हाऊ दे की. वस्ताद शिकले कुठं ते टाका." एवढं सरळ होतं आणि मला सुचलं नव्हतं. कलकत्ता तर आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. तुम्ही तरुण असताना तुमच्या व्यापाऱ्यानं तुम्हाला तिकडच्या चिनी लोकांच्या कारखान्यात कातडं कमवायला शिकायला धाडलं होतं, आणि तिथल्या अंगणात एका चिनी म्हाताऱ्याकडून तुम्ही हे शिकलात. एवढं तुम्ही सांगायचात, त्याच्या पुढं नाही. मी कलकत्ता, चिनी, कातडं, कुंग फू असं सगळं एकत्र टाकलं. खूप खाली, कुणीच न बघितलेला एक व्हिडिओ आला. एक पांढऱ्या केसांचा माणूस, अंगात स्वेटर, मागं बर्फ साठलेलं अंगण. नातीनं काढलेला. घरातले सगळे कलकत्त्याहून कधीच कॅनडाला गेलेले, असं तिनं खाली लिहिलं होतं, आणि आजोबा हे आपल्या वडलांकडून त्यांच्या कातड्याच्या कारखान्यात शिकले असंही. म्हातारा कॅमेऱ्याकडं बघून हिंदीत म्हणाला, "देख, ठीक से देख," आणि त्यानं दार ढकललं.

आपलंच होतं, वस्ताद. तेच दार ढकलणं, कोपर तसंच खाली. मग घागर. मग कातडं झटकलं, तुमच्यासारखंच, शेवटी मनगटाला तो हिसका. मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती आणि तिचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. तो मध्यावर आला. उजवा हात पुढं, तळवा उघडा. मी थांबले. तो थांबला नाही. त्याचा हात तसाच वर गेला, गोल फिरला, आणि तो पुढं असं काही करत गेला जे मी आयुष्यात बघितलं नव्हतं. उघडे तळवे, मऊ पावलं, एक मोठं वळण, आणि जिथून निघाला होता बरोबर त्याच जागी परत. हात जोडले. "बस, हो गया." आपल्या पुढच्या अर्ध्यातली एकही गोष्ट त्यात नव्हती. आपल्या पुढच्या अर्ध्यात मुठी आवळलेल्या असतात. पहिल्या भागात सगळे तळवे उघडे आणि मग एकदम मुठी का, हे मला कायम वाटायचं, पण नावाच्या वेळचा अनुभव असल्यामुळे मी कधी विचारलं नव्हतं. मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आपलं चुकलंय व्हय?" मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी, चाचींकडे गेले. त्या अजून त्याच बोळात आहेत, मुलाजवळ. अंगणात पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. ऐकू कमी येतं, पण नजर अजून चांगली आहे. मी फोन त्यांच्यापुढं धरला. "ह्यो कोण म्हातारा?" म्हणाल्या. मग बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांचे लसणाचे हात थांबले. "आमच्या ह्यांच्यागत करतोय की." मी फोन तसाच धरून ठेवला. तो मध्यावर आला तशी त्यांनी मला बोटानं गप्प केलं, जणू मीच काही बोलणार होते, आणि म्हणाल्या, "आता थांबंल बघ." तो पुढं गेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, परत फोनकडं बघितलं. "थांबला न्हाय," म्हणाल्या. "ह्यो थांबला न्हाय गं." तुमच्यामागं मी त्यांना कितीदा भेटले असेन, पण असा त्यांचा चेहरा मी बघितला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. तुम्ही त्यांना लग्नानंतर एकदाच सांगितलं होतंत म्हणे. "म्हातारा अंगणात शिकवीत हुता. हितवर आले, हात पुढं, आन् दारातनं कुणीतरी हाक मारली, तुझी तार आली म्हणून. ह्यांनी हात तसाच धरून दाराकडं बघितलं. तेवढंच. वडलांनी हातरूण धरलंय म्हणून तार हुती. मिळंल त्या गाडीनं आले." वडील गेले नाहीत, पण उठलेही नाहीत, लै दीस पडून होते, तुमच्या हातानं जेवायचे. तिकडचं शिकणं सुटलं, इकडं गोदाम लागलं. "पुढल्या वर्षी जातो, पुढल्या वर्षी जातो, आसं म्हणायचे. मग कुणीतरी सांगत आलं, म्हातारा वारला. मग म्हणायचे बी बंद झाले." मी विचारलं, मग पुढचं कुठून आलं, चाची? त्या हसल्या, दात नसलेलं. "तुला आजून कळलं न्हाय? मुठी कशाच्या हायत मग त्या?" कोपऱ्यात दोरीवर कपडे वाळत घालायची काठी उभी होती, तिच्याकडं त्यांनी हनुवटीनं दाखवलं. "घे. आन् कर."

मी ती काठी दोन्ही हातांत धरली आणि त्या अंगणात, गुडघ्याला सांभाळत, आपला पुढचा अर्धा केला. मुठी काठीवर बसल्या. इतकी वर्षं ज्या मुठी हवेत आवळत होते त्या सगळ्या बरोबर काठीवर बसल्या. तो आडवा फटका, ते मागं टाकलेलं पाऊल, तो डोक्यावरून फेर. हे मर्दानी खेळातलं होतं, आपल्या इथलं, जत्रेत आणि मिरवणुकीत बघितलेलं; फक्त हातातली काठी काढून घेतलेली. "सासऱ्याचं हाय त्ये," चाची म्हणाल्या. "पेठंत काठीला नाव हुतं त्यांचं. अंथरुणात पडून ह्यांस्नी सांगायचे, आसं कर, तसं कर. मग क्लास सुरू केला तवा पोरांस्नी अर्धंच कसं दावायचं? म्हणून बाचं जोडलं." आणि नाव? "नाव त्यांस्नी बी ठावं न्हवतं. म्हातारा म्हणायचा, पुरा झाला की नाव सांगतो."

मला तुमचा राग आला, वस्ताद. घरी जाताना रस्ताभर येत होता. मी कुणाकुणाला छातीठोकपणे सांगितलं होतं की हे चीनमधून आलंय, असं जसंच्या तसं, एक बोटसुद्धा इकडचं तिकडं नाही. त्या पंचाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, आणि त्याचं बरोबर होतं. मला एकटीला तरी सांगायचं होतंत. मी कुणाजवळ बोलले नसते. पण राग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं आणि ते आता माझ्यात फारसं नाही. घरी पोचेपर्यंत नुसता थकवा उरला. गोदामातल्या त्या चौदा वर्षांच्या मुलीनं नाव विचारल्यावर तुमच्या पोटात काय झालं असेल, ते मात्र दिसायला लागलं.

मुलीचं वर्ष जायला नको होतं. म्हणून मी ठरवलं, पुढचा अर्धा म्हाताऱ्याच्या व्हिडिओतून घ्यायचा. तिला सगळं खरं सांगितलं, चाचींनी सांगितलं तसं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग वस्तादांच्या वडलांचं टाकून द्यायचं व्हय?" मी म्हटलं, स्पर्धेपुरतं. दोघींनाही माहीत होतं की स्पर्धेपुरतं म्हणजे काय. ती पुढं शिकवेल तेव्हा जे तिच्या अंगात बसलंय तेच शिकवेल. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचो, वेग कमी करायचो, ती उभी राहायची आणि मी खुर्चीत बसून पाय सांगायची. थांबाही काढायला सांगितला, व्हिडिओत नव्हता म्हणून. पहिले काही दिवस ती तिथं अडखळायची, मग हात वाहता झाला. मी बघत बसायची. गुडघा ठणकायचा. खरं सांगते, तो शेवट फार सुंदर आहे. तुमच्यापेक्षा सुंदर आहे. फॉर्म निघाल्या जागी परत येतो. आपला कुठंतरी भिंतीशी जाऊन संपायचा आणि आम्हाला वाटायचं गोदाम लहान आहे म्हणून. तुम्हाला तो शेवट बघायला मिळायला हवा होता, एवढंच मला वाटत राहायचं.

निवड सांगलीला होती. मी आतल्या पायऱ्या चढू शकत नाही म्हणून हॉलच्या दाराशीच उभी राहिले, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तिचे वडील, टेम्पोची किल्ली मुठीत धरून. व्हिडिओखाली लिहिलेलं फॉर्मचं नाव आणि तो व्हिडिओ आधीच पाठवला होता, पंच खूश होते. तिचं नाव पुकारलं. दार ढकललं, घागर उतरवली, कातडं झटकलं. मध्यावर आली, उजवा हात पुढं, तळवा उघडा, आणि ती थांबली. मान वळवली. दार जिथं होतं तिकडं, म्हणजे आमच्याकडं. तिनं आम्हाला बघितलं असं मला वाटत नाही. ती दाराकडं बघत होती, आणि चांगला खोल श्वास घेऊन उभी होती. "अडली व्हय?" तिच्या वडलांनी विचारलं. मी म्हटलं, "न्हाय. थांबली." मग हात वर गेला, गोल फिरला, आणि ती त्या म्हाताऱ्याच्या मागोमाग चालत गेली आणि निघाल्या जागी येऊन उभी राहिली.

पंचांनी तिला टेबलापाशी बोलावलं. मला दारातून ऐकू येत होतं. "मध्ये विसरलीस का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "न्हाय सर. आमच्यात थांबत्यात." त्यांनी काहीतरी लिहिलं. गुण कापले, प्रवाह तुटला म्हणून. निवड झाली, पण अगदी शेवटच्या जागेवर, काठावर. वडील मला म्हणाले, "झालं की, मॅडम," आणि पाठ फिरवून डोळे पुसले. टेम्पोतून परत येताना ती मधे बसली होती. बॅगेचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तिथं थांबायचं न्हवतं न्हवं?" मी म्हटलं, नव्हतं. "मी ठरवून न्हाय थांबलो. पाय थांबलं." मी म्हटलं, कळलं मला. "मग आता राज्याच्या वेळंला काढू?" मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. उसाच्या गाड्या आडव्या येत होत्या, वडील हॉर्न वाजवत होते, उत्तर द्यायची वेळ टळली.

तेव्हापासून टळतेच आहे. राज्य स्पर्धा जवळ आली. तिथले पंच ह्याहून कडक असतात, थांबा राहिला तर ती मागं पडणार हे मला पक्कं माहीत आहे. तुमच्या वडलांचं सगळं तर मी काढलंच आहे; ह्या एका श्वासाचं काय एवढं? आणि फॉर्मचं नाव आता माझ्याकडं आहे, वस्ताद. व्हिडिओखाली त्या नातीनं लिहिलंय. उच्चार जमत नाही म्हणून इथं लिहीत नाही. चाचींना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, एवढंच व्हय? आणि लसूण सोलायला लागल्या. हे सगळं मी त्यांच्याजवळ किंवा आणखी कुणाजवळ बोलू शकले असते, पण तुम्हालाच लिहायला बसले, ठाऊक असून की हे कुठं टाकायचं नाही, पायताणांच्या कागदात घडी करून ठेवायचं आहे.

काल ठरवूनच गेले होते की आज सांगायचं, थांबा काढ. ती फॉर्म करत मध्यावर आली, मी खुर्चीतून उठले, तोंड उघडलं, आणि ती थांबली. दाराकडं बघत होती. आणि वस्ताद, मीही बघितलं.